मीटर फाटकावरच थांबतं

जालना जिल्ह्यातल्या आमच्या मंठ्यात मॉडेलला तोटा नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचा ज्वालामुखी असतो. तो दरवर्षी पेटतो आणि दरवर्षी उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन विझतो. पुढारी आले की विकासाचं मॉडेल सांगून जातात. जुनी मोटारसायकल विकायला काढली तर समोरच्याचा पहिला प्रश्न, कोणतं मॉडेल? गावात एवढी मॉडेलं असताना, जिथे खरोखर काही बनतं त्या जिनिंगच्या शेडमध्ये हा शब्द उच्चारला, तर लोक तुमच्याकडे इन्कम टॅक्सवाल्याकडे बघावं तसे बघतात.

मी उच्चारला. म्हणून हा आठवडा त्यातच गेला.

सुरुवात अशी झाली. गेल्या हंगामात २२ क्विंटल कापूस घेऊन हमीभाव केंद्रावर गेलो. केंद्राचं नाव सांगत नाही, पुढच्या वर्षीही तिथेच जायचं आहे. अ‍ॅपवर नोंदणी होती, तारीख मिळालेली होती, सातबाऱ्यावर कापसाचा पेरा होता, आधार बँकेला जोडलेलं होतं. सगळी कागदं कोरडी होती, फक्त कापूस दमट होता. ट्रॉली रात्रभर रांगेत उघड्यावर उभी होती आणि रात्रीच्या दवाला अ‍ॅपवर नोंदणी लागत नाही.

ग्रेडर आला. मीटर कापसात खुपसलं. एका कोपऱ्यात १०.८. दुसऱ्या कोपऱ्यात १३.९. मधोमध १२.१. मी गणितात कच्चा असलो तरी तीन आकड्यांची सरासरी काढता येते, ती साधारण १२.३ भरते. ग्रेडरने सरासरी काढली नाही. त्याने १३.९ उचलला आणि म्हणाला, ‘‘रिजेक्ट.’’

नियम सगळ्यांना पाठ आहे. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव. आठ ते बारा असेल तर टक्क्याला टक्का कपात. बाराच्या वर गेला की कापूस आणि माणूस दोघंही परत. मग ट्रॉलीतला खालचा थर उपसला, ताडपत्रीवर पसरला, दोन तास उन्हाला दिला, तीन चहा प्यायलो. पुन्हा मीटर लागलं. ११.४. पास. म्हणजे ३.४ टक्के कपात. लांब धाग्याच्या २०२५-२६ च्या ८,११० रुपये हमीभावात हे क्विंटलमागे पावणेतीनशे रुपये झाले आणि २२ क्विंटलचे सहा हजारांवर.

तक्रार नाही. पाण्याला कापसाचा भाव कोण देईल? पण कापूस वाळत होता तेव्हा मी रिकामा होतो, आणि रिकामा माणूस आत डोकावतो. शेडमध्ये सरकी काढणारे जिन धडधडत होते. कडेला उभ्या असलेल्या सुपरवायझरला सहज विचारलं, ‘‘साहेब, तुम्ही आत कितीवर चालवता?’’

‘‘काय कितीवर?’’

‘‘मॉइश्चर.’’

‘‘ते बाहेर असतं.’’

हे वाक्य मी घरी घेऊन आलो. सहा हजार गेले त्याचं इतकं वाटलं नाही. मंठ्यापासून मुंबईपर्यंतच्या आपल्या कारखानदारीचं वर्णन इतक्या कमी शब्दांत कुणी केलेलं मी ऐकलं नव्हतं. मोजमाप बाहेर असतं. फाटकावर. भाव कापायच्या ठिकाणी.

आता आत मोजायचं कशाला, हे थोडं सांगावं लागेल. आपल्याकडचा जिन हा डबल रोलर जिन. चामड्याच्या चकत्या एकाला एक दाबून केलेले दोन रोलर, त्यांना चिकटून बसलेली स्थिर पाती आणि मधोमध वरखाली हलणारं एक पातं. धागा रोलरला चिकटतो, स्थिर पात्याखालून ओढला जातो. सरकीला तिथून जाता येत नाही, तिला हलतं पातं टपली मारून खाली पाडतं. अमेरिकेत फोन्स मॅकार्थी नावाच्या माणसाने १८४० मध्ये रोलर जिन काढला, त्याचीच ही नातवंडं-पतवंडं. खुद्द अमेरिकेत मात्र बहुतेक करवतीचेच जिन चालले. आपण रोलर धरून राहिलो, आणि ते एका परीने बरंच झालं, कारण रोलर धाग्याला जरा मायेने वागवतो.

पण ही माया ओलाव्यावर अवलंबून आहे. कापूस फार कोरडा असेल तर धागा ठिसूळ होतो, तुटतो, आखूड होतो. फार ओला असेल तर रोलरला गुंडाळतो, गुठळ्या होतात, काडीकचरा सुटत नाही, मोटरवर ताण येतो आणि वीज जास्त लागते. सहा ते आठ टक्क्यांच्या आसपास जिनिंग करा, असं संशोधन सांगतं. म्हणजे फाटकावर ज्या आकड्याने माझे सहा हजार कापले, त्याच आकड्याने आत धागा वाचतो. फाटक ते जिन हे अंतर शंभर पावलं असेल. तेवढं चालायला मीटरला अजून जमलेलं नाही.

पाच क्विंटल कापसाची साधारण एक गठाण होते. शंभराला ३४ किलो रुई असा उतारा धरला तर १७० किलोची गठाण बरोबर बसते. उताऱ्यातला अर्धा टक्का इकडेतिकडे झाला तर मालकाची झोप उडते आणि तो रात्री बारा वाजता फोन करतो. धागा अर्धा मिलिमीटर आखूड झाला तर मात्र कुणाची झोप उडत नाही, कारण तो आखूड झाल्याचं कळतं दूरच्या सूतगिरणीत, आणि तिथली झोप आपल्या हद्दीत येत नाही.

असं म्हणू नका की आत काहीच अक्कल नाही. आत फिटरमामा आहेत.

हे मामा म्हणजे एकेका जिनिंगचं चालतंबोलतं शास्त्र. मी पाहिलेले मामा जिनजवळ जाऊन डोळे मिटून उभे राहतात. आवाजावरून सांगतात, तिसऱ्या नंबरचं पातं ढिलं आहे. मग खालून मूठभर सरकी काढतात, तळहातावर पसरतात, एक दाणा दाताखाली धरतात. सरकीला रुई चिकटून आली तर रोलरवरचा दाब कमी. दाणा फुटून आला तर पात्यांचं अंतर चुकलं. रोलरला तळहात लावतात, गरम लागला तर कापूस ओला आहे, नाहीतर दाब जास्त आहे. मग पाना घेतात, दीड आटा फिरवतात आणि एक आटा मागे घेतात. विचारलं, ‘‘मामा, दीडच कामून?’’ तर म्हणतात, ‘‘कळतं ना हाताला.’’

हेच मॉडेल. ओलावा किती, दाब किती, अंतर किती, तर धागा कसा, सरकी कशी, वीज किती, हा सगळा हिशेब मामांच्या हातात आहे. संशोधक वेगळं काय करतो? तो हाच हिशेब हातातून काढून कागदावर मांडतो, म्हणजे मामा लग्नाला गेले तरी जिन चालावा. मामांचा हात मामांबरोबर एसटीने जातो. समीकरण जिनिंगमध्येच राहतं.

समीकरण म्हटलं की आपल्याकडे लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही, मंठ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातला पोरगाही समीकरण वापरतो. त्याला विचारा, बारा एमएमच्या सळीचं वजन किती? तो सळीला हात न लावता सांगेल: बाराचा वर्ग १४४, भागिले १६२, मीटरला ०.८८८ किलो. बारा मीटरची सळी साडेदहा किलोच्या वर. हे १६२ कुठून आलं ते त्याला माहीत नाही, त्याच्या मालकालाही नाही. ते पोलादाच्या घनतेतून आलेलं आहे, घनमीटरला ७,८५० किलो. कुणीतरी कधीतरी हिशेब केला, आकडा सुटसुटीत केला आणि तो देशभरातल्या मिस्तरींच्या तोंडात बसला. इतकं यशस्वी मॉडेल आपल्याकडे दुसरं नसेल. त्यासाठी उद्घाटन झालं नाही, फीत कापली गेली नाही, म्हणून ते टिकलं असावं.

दुसरं मॉडेल लग्नात भेटतं. चार माणसांच्या वांग्याच्या भाजीला एक चमचा मीठ लागतं म्हणून चारशे माणसांच्या पंगतीला आचारी शंभर चमचे मोजत नाही. कढई मोठी झाली की जाळ तळाला लागतो, वरची फोड कच्ची राहते, पाणी उडायचं प्रमाण बदलतं. आचाऱ्याला हे कळतं. कारखानदाराला कळायला वेळ लागतो. प्रयोगशाळेतल्या चंबूत झालेली गोष्ट दोन मजली टाकीत घालतो आणि मग टाकीकडे बघत बसतो. मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी याच प्रश्नावर आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली. उंच टाकीत द्रव भरलाय, खालून वायूचे बुडबुडे सोडलेत, तर ते कसे वर येतील, किती मिसळतील, टाकी दुप्पट केली तर काय होईल. लोक बुडबुड्यांना क्षणभंगुर म्हणतात. या बुडबुड्यांवर रसायनांचे कारखाने उभे आहेत आणि जोशी सरांना २०१४ मध्ये पद्मभूषण मिळालं.

माटुंग्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. कापसावरच्या संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा तिथे १९२४ मध्ये सुरू झाली. आज तिला सिरकॉट म्हणतात, केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. शंभर वर्षं पूर्ण झाली. ती सुरू झाली तेव्हा मंठा निजामाकडे होता. नंतर परभणी जिल्ह्यातून १ मे १९८१ ला परतूर तालुक्याबरोबर जालन्यात आला, मग स्वतःच तालुका झाला. एवढ्यात माटुंग्याच्या लोकांनी धाग्याची लांबी, ताकद, जाडी मोजायच्या पद्धती बसवल्या, जिनिंगचं प्रशिक्षण द्यायला नागपूरला केंद्र काढलं. रोलरच्या चामड्यात क्रोमियम असतं आणि रोलर झिजला की त्याची धूळ रुईत आणि कामगाराच्या छातीत जाते, हे दाखवून बिनक्रोमियमचे रोलरही केले. सगळं छापलेलं आहे. सगळं उपलब्ध आहे. आता फक्त ते कुणीतरी उघडायचं आहे.

आमच्या सुपरवायझरसाहेबांना मी बिनक्रोमियमच्या रोलरचं विचारलं नाही. ‘ते बाहेर असतं’ हे पुन्हा ऐकायची हिंमत नव्हती.

खरं तर शास्त्रज्ञ आम्हाला नवीन नाहीत. लोणार इथून जवळच. जगभरातले संशोधक लोणारचं विवर बघायला जातात, त्यातले कितीतरी मंठ्यात चहा पिऊन पुढे जातात. त्या विवराच्या वयाचं गणित मोठं गमतीचं आहे. एका पद्धतीने मोजलं तर ५२ हजार वर्षं भरतात, दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजार. पाच लाख वर्षांचा फरक! तरी कुणी लोणारला रिजेक्ट केलं नाही. उलट दोन्ही बाजूंनी पुन्हा नमुने नेले, पुन्हा मोजले, कुठल्या पद्धतीत काय चुकू शकतं ते लिहिलं. माझ्या ट्रॉलीत दोन कोपऱ्यांत तीन टक्क्यांचा फरक आला तेव्हा कुणाला असं वाटलं नाही, की अरे, हा फरक का येतोय ते बघू. विज्ञानाला शंका येते, ग्रेडरला येत नाही. म्हणून एकाला नोबेल लागतं आणि दुसऱ्याला शिक्का पुरतो.

सोयाबीनचं काय सांगू? हमीभाव खरेदीला ओलाव्याची हद्द १२ टक्के. का बारा, तर त्याहून ओलं सोयाबीन साठवणीत तापतं, बुरशी येते. मान्य. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचं मतदान तोंडावर आलं आणि केंद्राने हद्द १५ केली. शेतकऱ्यांची सोय झाली, मी टाळ्या वाजवल्या. पण बुरशीला कुणी कळवलं का? इतक्या झटपट लागू झालेलं प्रक्रिया-संशोधन मी दुसरं पाहिलेलं नाही. हे त्या माटुंग्याच्या संस्थेने पाहिलं असेल तर त्यांनाही वाटलं असेल, आपलं शंभर वर्षं काय चुकलं?

आमच्या बाजूचंही सांगून टाकतो, नाहीतर पत्रं येतात. कापूस ट्रॉलीत भरताना हंडाभर पाणी शिंपडणारे आपल्यातच आहेत, मी नावं घेत नाही कारण दोघं नात्यातले आहेत. ग्रेडर सगळ्यांत ओला कोपरा उचलतो, त्याला शिकवणारे आपणच. पण गंमत पुढे आहे. हाच कापूस आत जातो, रुई होते, आणि गठाण दाबायच्या आधी त्या रुईवर पुन्हा पाण्याचा फवारा मारतात. का, तर कोरडी रुई प्रेसमध्ये फुगते, दाबायला जोर जास्त लागतो, गठाणीच्या पट्ट्या तुटतात. हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. त्यात गठाणीचं वजन थोडं वाढतं, ते आपोआप. शेतकऱ्याने घातलं तर ते पाणी आणि त्याला भामटेगिरी म्हणतात. प्रेसवर घातलं तर ते ह्युमिडिफिकेशन आणि त्याचं यंत्र मिळतं. एकाच कापसाने एकाच आवारात दोनदा आंघोळ केली, पहिल्या आंघोळीचा दंड मी भरला.

जालन्याकडे बघू म्हणजे मंठ्यावर अन्याय व्हायचा नाही. ‘जालना सोने का पालना’ म्हणतात, प्रत्यक्षात तो लोखंडाचा पाळणा आहे. भंगार वितळवायचं, बिलेट ओतायचं, लाटून सळी काढायची. एक टन भंगार वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते. मग जुनी पद्धत अशी की ओतलेलं लालबुंद बिलेट अंगणात ठेवायचं, निववायचं, आणि दुसऱ्या दिवशी कोळसा नाहीतर तेल जाळून त्याला पुन्हा अकराशे-बाराशे अंशांवर न्यायचं. भाकरी तव्यावरून उतरवून रात्रभर गार करायची आणि सकाळी शेजारच्या चुलीवर पुन्हा भाजायची, असा प्रकार. गरम बिलेट तसंच पुढे लाटायला घालायची रीत आता आली आहे. पण त्याला भट्टीचा आणि लाटण्याचा वेग जुळवावा लागतो. तो जुळवायला हिशेब लागतो, आणि हिशेब म्हणजे पुन्हा तेच मॉडेल.

सळीचं खरं कौतुक मात्र पाण्याच्या पेटीत आहे. टीएमटी म्हणून जी सळी आपण आणतो, ती शेवटच्या रोलमधून हजार अंशांच्या आसपास लाल असताना बाहेर पडते आणि दाबाच्या पाण्यातून सेकंदभरात निघते. वरचं कातडं झटक्यात कडक होतं, पोटात आग तशीच. मग पोटातली आग हळूहळू बाहेर येते आणि त्या कडक कातड्याला जरा नरम करते. वरून कडक, आतून मऊ. सळी नव्हे, मराठवाड्यातला सासरा. भूकंपात हीच गोष्ट उपयोगी पडते, सळी वाकते पण मोडत नाही. आता सळी किती जाड, किती वेगाने, पाणी किती, दाब किती, यातलं एक जरी चुकलं तर सासरा बिघडतो. याची समीकरणं आहेत, संगणकावर चालतात, पेटीचा व्हॉल्व्ह त्यावर लावता येतो. आणि भट्टीत भंगार घालताना ओलावा बघावा लागतो तो वेगळाच. वितळलेल्या लोखंडात ओलं भंगार किंवा बंद डबा पडला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि भट्टी उसळते. तिथे ओलावा मोजला नाही तर भाव कापला जात नाही, माणसं भाजतात. अशा बातम्या आपण जालन्याच्या पानावर वाचलेल्या आहेत आणि पान उलटलेलं आहे.

पण नेमकेपणा आपल्याला जमत नाही असं कोण म्हणतं? सळीच्या वजनाला भारतीय मानकात थोडी सूट आहे. दहा एमएमपर्यंत अधिक-उणे सात टक्के, त्याच्या वर सोळापर्यंत पाच, पुढे तीन. अधिक आणि उणे, दोन्ही. चाळीस वर्षं बांधकामावर काढलेल्या एका मिस्तरीला विचारलं, काका, अधिकची सळी कधी हातात आली का? ते हसले, म्हणाले, ‘‘अधिक मास तीन वर्षांनी तरी येतो.’’ म्हणजे बघा, सात टक्क्यांच्या हद्दीत राहायचं आणि तरी वजन खालच्या अंगालाच ठेवायचं, यासाठी रोलची झीज, तापमान, वेग यांवर केवढा ताबा लागत असेल! हे निव्वळ प्रक्रिया-नियंत्रण आहे. वजनावर विकली तर गिऱ्हाइकाला लांबी जास्त मिळते, तक्रार नाही. नगावर विकली तर १६२ चा पाढा गिऱ्हाइकाचा आणि उणे टक्के दुकानाचे. संशोधन आपल्याकडे होतं. कुठे होतं एवढाच प्रश्न आहे.

आणि संशोधनवाले आता लांबही राहिलेले नाहीत. १९३३ मध्ये मुंबईत सुरू झालेली ती यूडीसीटी २०१८ मध्ये जालन्याला आली, आयसीटीचं मराठवाडा केंद्र म्हणून. तिथली पोरं पाच वर्षांचं एमटेक करतात आणि मधल्या काही तिमाह्या त्यांना कारखान्यात काढाव्या लागतात, म्हणजे अभ्यासक्रमातच कारखाना आहे. मंठ्याहून जालना साठेक किलोमीटर. जिनिंगवाल्यांनी एक फोन केला, तुमची दोन पोरं हंगामात आमच्याकडे पाठवा, राहायला खोली देतो, जेवायला डबा देतो, तर काय बिघडेल? पोरं येतील, मामांच्या मागे वही घेऊन फिरतील. दीड आटा का, ते लिहून काढतील. दर तासाला रोलरपाशी ओलावा मोजतील, धाग्याचा नमुना बाजूला ठेवतील, विजेचं रीडिंग घेतील. तीन महिन्यांत मंठ्याच्या कापसाचा, मंठ्याच्या हवेचा तक्ता होईल: ओलावा इतका असेल तर दाब इतका ठेवा, ऊन चढल्यावर इतका करा. तो तक्ता भिंतीवर चिकटवला की झालं. याला अनुदान लागत नाही, भूमिपूजन लागत नाही. बहुधा म्हणूनच होत नसावं.

मी हे मॉडेल याच आठवड्यात एका जिनिंगमालकांना सांगून पाहिलं. माणूस चांगला आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला आणि म्हणाले, ‘‘भाऊ, पोरं मोजणार, लिहिणार, ठीक आहे. पण मग ते लिहिलेलं कुणी बघितलं तर?’’

मला पहिल्यांदा खरं उत्तर मिळालं. फाटकावरच्या आकड्याने दुसऱ्याची चूक पकडता येते. आत मोजलं तर आकडा आपलीच चूक दाखवतो. मीटरला काही शंभर पावलं जड नाहीत.

माझी त्या दिवसाची पावती अजून कपाटात आहे. तिच्यावर ट्रॉलीचा नंबर आहे, वजन आहे, दर आहे आणि मॉइश्चर ११.४ असं ठळक लिहिलेलं आहे. तोच कापूस त्या संध्याकाळी कितीवर जिनला लागला, ते जिल्ह्यातल्या कुठल्याही कागदावर नाही.